शंकरपट : जोडी थांबते कुठे, ते आधी पाहा



कापसाचे पहिले वेचे घरात आले, तुरीची सवंगणी उरकत आली आणि सकाळी अंगणात शेकोटी पेटू लागली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शंकरपटाची बोलणी सुरू होतात. वणी-मारेगावपासून पुसद-उमरखेडपर्यंत कोणत्या गावी कधी पट आहे, कोणाची जोडी उतरणार, बक्षीस किती, हेच पारावर ऐकू येते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट तर जुना आणि नावाजलेला. तिथे बायकांचाही पट होतो आणि धुरकरी म्हणून बाया छकड्यावर उभ्या राहतात.

पट हा आपला हिवाळ्यातील वेगाचा खेळ. थंड देशांत लोक बर्फावरून घसरतात, आपण काळ्या मातीवर बैल धावडवतो. आनंद एकच आणि धोकाही एकच. या लेखात पटाचे गुणगान करायचे नाही, किंवा पट बंद करा असेही सांगायचे नाही. पटाच्या दिवशी सकाळी घरून जितकी माणसे आणि जितकी जनावरे निघाली, तितकी सगळी संध्याकाळी धडधाकट परत यावीत, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे.

कायदा काय म्हणतो

मधली काही वर्षे पट बंद होते, हे सर्वांना आठवत असेल. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैल घातला. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी कायम केली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण ते प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा ग्राह्य ठरवला.

म्हणजे पट आज कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. प्रशासनाची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि अनामत रक्कम भरावी लागते. धावपट्टी १,००० मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. बैल धावायला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. काठी, चाबूक, खिळ्याची तुतारी, बॅटरीचा झटका यांना मनाई आहे. शर्यतीचे चित्रीकरण करून द्यावे लागते. बैलाला क्रूरतेने वागवले तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पट भरवणाऱ्या मंडळाने नियमांचा पूर्ण कागद तहसील कचेरीतून आणून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. नियम दोन-चार पुढाऱ्यांच्या खिशात राहिले तर त्यांचा उपयोग नाही.

परंतु कायद्याचा कागद असला म्हणजे अपघात टळतो असे नाही. अपघात टळतो तो वेग म्हणजे काय हे उमगल्यावर.

वेगाचे गणित

आपला बैल नांगराला किंवा वखराला चालतो तेव्हा सेकंदाला साधारण एक मीटर जातो. त्याच्यापुढे पोर आडवे आले तरी आपण ‘हो हो’ म्हणून कासरा ओढतो आणि जोडी थांबते. जन्मभर आपण बैलाचा हाच वेग पाहिलेला असतो, त्यामुळे त्याचीच सवय असते.

पटातली चांगली जोडी भरात आली की सेकंदाला सुमारे दहा मीटर जाते. हा वेग ताशी ३६ किलोमीटर होतो. वेग दहापट झाला म्हणून धडकेचा जोर दहापट होत नाही, तो शंभरपट होतो. वेग दुप्पट तर जोर चौपट, वेग तिप्पट तर जोर नऊपट, असा हा हिशेब आहे. दोन बैल प्रत्येकी साडेतीनशे किलोचे धरले, वर छकडा आणि धुरकरी धरला, तर आठशे किलोंच्या वर वजन झाले. सेकंदाला दहा मीटर वेगाने येणारे हे वजन अंगावर येणे म्हणजे तेवढेच वजन पाच मीटर उंचीवरून अंगावर पडण्यासारखे आहे. माडीच्या छतावरून बैलजोडी छकड्यासकट खाली पडते आहे, असे डोळ्यांपुढे आणा. तिच्याखाली आपण मुलाला उभे करू काय?

दुसरी गोष्ट वेळेची. जोडी आपल्याकडे वळली हे डोळ्यांना दिसून पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात ती दहा मीटर पुढे आलेली असते. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाला, खांद्यावर पोर घेतलेल्या बापाला किंवा लुगडे सावरत उठणाऱ्या म्हातारीला तीन सेकंद लागतात. तीन सेकंद म्हणजे तीस मीटर. ‘येईल तेव्हा सरकू’ हे म्हणणे वखराच्या बैलाला लागू आहे, पटाच्या बैलाला नाही.

बर्फावरचा धडा

थंड देशांत हे गणित पैसा ओतून आणि जीव गमावून शिकले आहेत. १२ फेब्रुवारी २०१० रोजी कॅनडात हिवाळी ऑलिंपिकचे उद्घाटन होते. त्याच दिवशी सकाळी व्हिस्लर येथे जॉर्जिया देशाचा नोदार कुमारिताश्विली हा २१ वर्षांचा खेळाडू बर्फाच्या नळीतून घसरगाडीचा सराव करत होता. वेग ताशी १४० किलोमीटरच्या वर गेलेला. शेवटच्या वळणावर गाडी आवरली नाही, तो भिंतीवरून बाहेर फेकला गेला आणि बाजूच्या उघड्या लोखंडी खांबावर आदळून मरण पावला. त्यानंतर तिथली भिंत उंच केली, खांबांना गाद्या बांधल्या आणि पुरुषांची सुरुवातीची जागा खाली आणून वेग कमी केला. खांब तिथेच होते आणि भिंतही होती. जीव गेल्यावर दोन्हींकडे लक्ष गेले.

मोटारशर्यतीचा नामांकित खेळाडू मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समध्ये बर्फावर घसरताना पडला आणि त्याचे डोके खडकावर आपटले. डोक्याला शिरस्त्राण होते, तरी मेंदूला जबर मार बसला. तो आखलेल्या वाटेच्या बाहेर गेला होता.

या दोन अपघातांतून आपण एवढेच घ्यायचे. वेगाने जाणारा कधी ना कधी वाटेबाहेर जाणारच असे धरून चालावे. तो बाहेर गेला तर कशावर जाऊन आदळेल, हे खेळ सुरू होण्यापूर्वी पाहावे. तिथे खांब नको, दगड नको आणि माणूस तर मुळीच नको.

मैदान निवडताना

आपल्याकडे पट बहुधा पीक निघालेल्या शेतात भरतो. आपली जमीन कापसाची काळी, भारी. ही माती ओली असली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून हिवाळ्यात तिला भेगा पडतात. काही भेगांत हात सहज जातो. धावत्या बैलाचा खूर अशा भेगेत अडकला तर पाय मोडतो आणि मोडक्या पायाचा बैल पुन्हा जोताला लागत नाही. म्हणून मैदान भारी जमिनीत असेल तर आठ-दहा दिवस आधी वखराच्या पाळ्या देऊन भेगा मातीने बुजवाव्यात, हलके पाणी शिंपडावे आणि वाफसा आल्यावर फळी फिरवावी. सडकेसारखे टणक करू नये, कारण त्याने बैलाचे खूर आणि सांधे दुखावतात. मध्यम, मुरमाड मिश्र, किंचित चढाची जमीन मिळाली तर तीच बरी. शेवट चढाचा असला की जोडी आपोआप मंदावते. शेवट उताराचा असलेले मैदान कधीही घेऊ नये.

पऱ्हाटीची आणि तुरीची खुंटे पूर्ण उपटून काढावीत. तुरीचे तिरपे कापलेले खुंट भाल्यासारखे असते. ते खुरात घुसते, आणि धुरकरी खाली पडला तर त्याच्याही पोटात घुसते. दगड, तार, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे वेचून घ्यावेत. जवळपास कठडा नसलेली विहीर, नाल्याची दरड किंवा विजेचा खांब असेल तर ते शेत सोडून द्यावे. पहाटे दव पडते, त्यामुळे वरची माती निसरडी होते. म्हणून ऊन वर येऊन जमीन सुकल्याशिवाय पहिली जोडी सोडू नये.

थांबायची जागा

पट भरवणारी मंडळी धावेची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत घड्याळ लावून मोजतात, पण धावपट्टीच्या पुढे काय आहे ते पाहत नाहीत. जोडी झेंडी ओलांडते तेव्हा ती सर्वांत जास्त वेगात असते. झेंडी पडली म्हणजे आपल्यापुरता पट संपतो, बैलाला त्याचे काय? त्याला झेंडी कळत नाही. तो पुढे धावतच राहतो.

एका गावी पाहिलेली गोष्ट सांगतो. धावपट्टी सुरेख केलेली होती, दोन्ही बाजूंना बल्ल्या होत्या. झेंडीच्या पुढे मात्र चाळीस-पन्नास पावलांवर चहाची पाले आणि उभ्या केलेल्या मोटारसायकली. कोण जिंकला ते जवळून दिसावे म्हणून माणसे नेमकी तिथेच जमलेली. एक जोडी झेंडी ओलांडून सरळ पालात शिरली. एका म्हाताऱ्या बाबांच्या मांडीचे हाड मोडले, एका बैलाचा खांदा निखळला. बाबांनी त्या वर्षी खाट सोडली नाही आणि बैल मालकाला विकावा लागला. बल्ल्या जिथे होत्या तिथे कोणालाच काही झाले नाही.

माझा अडाखा असा आहे, की धावपट्टी जेवढी लांब, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा झेंडीच्या पुढे ठेवावी. दोनशे मीटरचा पट असेल तर पुढे शंभर मीटर कोरे शेत. तेवढा तुकडा नांगरून भुसभुशीत ठेवला तर पाय रुततात आणि जोडी लवकर आवरते. त्या जागेत ना पाल, ना मंडप, ना बक्षिसाचा मंच, ना छायाचित्र काढणारा. बक्षिसाचा मंच नेहमी सुरुवातीच्या टोकाला, मागच्या बाजूला घालावा.

बाजूच्या बल्ल्यांची एक रांग पुरत नाही. लोक तिच्यावर रेलतात, मग मागच्यांच्या रेट्याने बल्ली आणि माणसे दोन्ही आत येतात. बर्फावरच्या शर्यतीत एकामागे एक अशा जाळ्या लावतात. पहिलीने वेग मोडायचा, दुसरीने अडवायचे. आपणही दोन रांगा कराव्यात. आतली रांग धावपट्टीजवळ, बाहेरची तिच्यापासून दहा-बारा पावलांवर, आणि मधली पट्टी पूर्ण रिकामी. आतल्या बल्ल्यांना आणि हलवता न येणाऱ्या प्रत्येक खांबाला कुटार भरलेली पोती बांधावीत. सोयाबीनचे कुटार या दिवसांत घरोघर असते. खर्च सुतळीचा तेवढा.

झाडावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कडेवर, पाण्याच्या टाकीवर आणि जुन्या भिंतीवर गर्दी करू देऊ नये. फटाके आणि जोडी सुटताना डीजेचा दणका बंद ठेवावा. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला बाजूचे फार लांबवर दिसते आणि अचानक हलणाऱ्या वस्तूला तो बुजतो. कडेला फडफडणारा फेटा, उघडलेली छत्री किंवा आत धावलेले पोर एवढ्याने जोडी तिरपी होते.

छकडा आणि धुरकरी

पटाचा छकडा हलका असतो, तोच त्याचा धोकाही आहे. एक चाक गचक्यात गेले की तो उलटतो. आदल्या दिवशी आख, चाकाचे आरे, धाव, दांडी, जू, शिवळा आणि दोर तपासावेत. जुना पिळलेला कासरा शर्यतीला वापरू नये. खिळ्यांची टोके बाहेर आलेली नसावीत.

जोडीतले दोन्ही बैल सारख्या चालीचे हवेत. एक तेज आणि एक मंद असला की छकडा मंद बैलाच्या बाजूला ओढला जातो आणि सरळ धाव राहत नाही. नवी जोडी आधी रिकाम्या शेतात, कमी वेगात, गर्दीशिवाय जुळवावी. टोकदार शिंगांना शेंब्या घालाव्यात.

धुरकऱ्याने डोक्याला मोटारसायकलचे चांगले शिरस्त्राण पट्टा आवळून घालावे. गावातली पोरे हसतील, हसू द्यावे. फेटा शोभेचा, तो मार झेलत नाही. पायात घट्ट बसणारे जोडे घालावेत. धोतराचा सोगा, उपरणे, गळ्यातला गमछा चाकात अडकतो, म्हणून अंगाला घट्ट कपडे हवेत. कासरा मनगटाला गुंडाळून बांधू नये. पडल्यावर हात सुटला नाही तर माणूस फरफटत जातो. घोटभर घेतलेल्या माणसाला छकड्यावर चढू देऊ नये, मग तो कितीही जुना धुरकरी असो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अपघाती मृत्यूला वारसांना २ लाख रुपये मिळतात, पण नशेत झालेल्या अपघाताला ही मदत नाही, हेही घरच्यांनी लक्षात ठेवावे. अंगाने हलका म्हणून बारा-तेरा वर्षांच्या पोराला छकड्यावर उभे करण्याची हौस तर पूर्ण सोडावी. चारशे-चारशे किलोचे दोन बैल आवरण्याचे बळ त्याच्या मनगटात नसते.

बैलाची बाजू

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण ज्याचे खांदे लोण्या-हळदीने शेकतो, त्याच बैलाला चार महिन्यांनी पटात उतरवतो. तो बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने आपण विचार करायचा.

दोनदाती गोऱ्हा पळवू नये, त्याची हाडे पुरती भरलेली नसतात. चार-पाच वर्षांत दात पूर्ण जुळलेला, सराव असलेला बैलच उतरवावा. महिनाभर आधीपासून चाल आणि धाव हळूहळू वाढवावी. गोठ्यातून काढून थेट पटात सोडलेल्या बैलाचे स्नायू फाटतात. थंडीत स्नायू आखडलेले असतात, म्हणून शर्यतीआधी अर्धा तास त्याला चालते ठेवावे.

पटाच्या दिवशी पोटभर चारा-पाणी दिल्यावर लगेच धाववू नये. तीन-चार तास मध्ये जाऊ द्यावेत. ताकद यावी म्हणून एकाएकी पायलीभर पीठ किंवा धान्य चारणे फार वाईट. बैलाचे पहिले पोट कडबा-कुटार आंबवून पचवण्यासाठी आहे. त्यात एकदम धान्य गेले की आम्ल वाढते, पोट फुगते, बैल दगावतोही. दारू पाजणे हा तर अघोरीपणा आहे. दुखणे दबवणारी सुई टोचून लंगडा बैल पळवू नये. दुखणे ही सूचना असते. ती दाबली की अर्धवट दुखावलेली शीर धावताना पुरती तुटते.

शेपूट पिरगळणे, चावणे, टोचणे, झटका देणे यांत पाप आहेच, आणि धोकाही आहे. वेदनेने पळणारा बैल झेंडीकडे पळत नाही, तो वेदनेपासून दूर पळतो, आणि ती दिशा गर्दीची असू शकते.

विसाव्यात असलेल्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण २० ते ३० चालतो. धावेनंतर तो फार वाढतो. तो पुन्हा खाली आल्याशिवाय दुसऱ्या फेरीला उतरवू नये. तोंड उघडे, जीभ बाहेर, फेस, पाय लटपटणे ही लक्षणे दिसली की त्या दिवसापुरता त्याचा पट संपला असे समजावे. धावेनंतर लगेच बांधून ठेवू नये. पंधरा-वीस मिनिटे हळू चालवावे, पाणी थोडे थोडे पाजावे, घाम सुकेपर्यंत अंगावर झूल किंवा पोते टाकावे. रात्री चारही पायांवरून हात फिरवावा. कुठे गरम लागले, सूज दिसली, तर दुसऱ्या दिवशी वखर बंद आणि पशुवैद्यक आधी.

पटात गावोगावची जनावरे एकत्र येतात, तसे रोगही येतात. २०२२ साली लम्पीच्या साथीत राज्यात गुरांचे बाजार आणि शर्यती थांबवाव्या लागल्या होत्या. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस पटाच्या निदान तीन आठवडे आधी टोचलेली असावी. पाण्याची बादली आपली आपण न्यावी, सार्वजनिक डोणीत पाजू नये. परत आल्यावर त्या जोडीला आठवडाभर गाई-वासरांपासून वेगळे बांधावे.

अपघात झालाच तर

पटाच्या जागी रुग्णवाहिका आणि पशुवैद्यक हजर नसतील तर पट सुरू करू नये. रुग्णवाहिकेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट मोकळी राखावी. तिथे मोटारसायकली लावू नयेत. माणसांसाठी १०८ आणि जनावरांसाठी १९६२ हे क्रमांक मंडपावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. मोबाइल लागतो अशी जागा आधी पाहून ठेवावी.

माणूस पडला आणि मान, पाठ किंवा कंबर दुखते म्हणाला, अथवा बेशुद्ध झाला, तर त्याला बखोट्याला धरून उठवू नये आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नये. मणक्याला मार असेल तर त्या एका हिसक्याने पाय कायमचे लुळे पडू शकतात. डोके आणि मान हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिका येईपर्यंत तसेच ठेवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरावी. हळद, तंबाखू, राख, माती भरू नये. शिंग लागून पोटातले आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये, स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे.

चाक पोटावरून गेले आणि वर जखम दिसत नाही, म्हणून ‘काही झाले नाही’ असे म्हणू नये. प्लीहा किंवा यकृत फाटले तर रक्त आतच साठते. माणूस पांढरा पडतो, घाम सुटतो, तहान तहान करतो, आणि काही तासांत हातचा जातो. अशाला घरी न नेता थेट मोठ्या दवाखान्यात न्यावे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठीच आहे. मातीत झालेल्या प्रत्येक जखमेला धनुर्वाताच्या सुईबद्दल डॉक्टरांना विचारावे.

मायबहिणींना दोन शब्द

पटाचा निर्णय पुरुष घेतात, पण त्याचा भार घरावर पडतो. धुरकऱ्याचा पाय मोडला तर हरभऱ्याची सोंगणी कोण करणार? बैल लंगडला तर मृगात वखर भाड्याने घ्यावा लागतो, आणि पेरणी चार दिवस मागे पडली तर त्याचे उत्तर बक्षिसाच्या रकमेत नसते. म्हणून जोडी उतरवण्यापूर्वी घरात बसून बोला. लहान मुले कोणाच्या हाताशी राहतील ते सकाळीच ठरवा. बचतगटाच्या बायांनी मनावर घेतले तर लहान मुलांसाठी मैदानाच्या सुरुवातीच्या टोकाला, बल्ल्यांच्या बऱ्याच मागे, दोर बांधून वेगळी जागा करता येते. तळेगावच्या मैदानावर कासरा धरणाऱ्या बाया आपल्याच घरच्यांसारख्या आहेत. ज्यांना कासरा धरता येतो त्यांना मंडळाच्या बैठकीत जाऊन ‘थांबायची जागा किती ठेवली?’ असे विचारणे अवघड नाही.

मंडळाने पहिली जोडी सोडण्यापूर्वी एवढे पाहावे

१. परवानगीचा कागद आणि पशुवैद्यकाचे दाखले हातात आहेत.
२. धावपट्टीत भेग, खुंट, दगड, तार नाही. दव सुकले आहे.
३. झेंडीच्या पुढे धावपट्टीच्या निम्मी जागा पूर्ण मोकळी आहे.
४. दोन्ही बाजूंना बल्ल्यांच्या दोन रांगा, मध्ये रिकामी पट्टी, खांबांना कुटाराची पोती आहेत.
५. प्रत्येक धुरकरी शुद्धीवर आहे आणि त्याच्या डोक्याला शिरस्त्राण आहे.
६. काठी, तुतारी, बॅटरी कोणाच्याही हातात नाही.
७. रुग्णवाहिका उभी आहे आणि तिची वाट मोकळी आहे.
८. आत माणूस दिसताच लाल झेंडी दाखवून जोडी रोखणारा एकच जबाबदार माणूस नेमला आहे आणि त्याचा शब्द अखेरचा आहे.

यातले एकही कमी असेल तर जोडी सोडू नये. तासभर उशीर झाला तर लोक कुरकुरतील, एवढेच.

आणि जे नुसते पाहायला जाणार आहेत त्यांनी मैदानावर पाय ठेवल्यावर कोणाची जोडी आली, हे नंतर पाहावे. ही जोडी थांबणार कुठे, हे आधी शोधावे. त्या बाजूला आपले कोणी उभे असेल तर त्याला हाताला धरून तिथून हलवावे. मग खुशाल पट पाहावा.